गोड बोलायला शिकवणारा हा विषय नव्हे

पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांवरच्या आमच्या लेखात संज्ञापन (कम्युनिकेशन) या विषयाचं नाव ओझरतं आलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याअधिक पत्रांत गोंधळ एकच आहे, की संज्ञापन म्हणजे छान बोलायला शिकवणारा अभ्यासक्रम; म्हणून सुरुवात तिथून. पुढचे प्रश्न उत्तरोत्तर किचकट होत जातात. ज्यांना प्रबंधाशी काही घेणंदेणं नाही, त्यांनी मधला भाग खुशाल सोडावा.

प्रश्न: मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. संज्ञापनात एम.ए. करावं असं वाटतं. पण घरचे म्हणतात, तू चारचौघांत तोंड उघडत नाहीस, तुला हे कसं जमणार? आणि यात पत्रकारितेपेक्षा वेगळं काय शिकवतात?
– विद्यार्थिनी, कराड

उत्तर: जमेल. उत्तम बोलता येणं ही या विषयाची अट नाही. लोक कसे बोलतात ते नीट ऐकता आणि नोंदवता येणं ही अट आहे. ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, डॉक्टरांनी सांगितलेलं रुग्णाला नेमकं किती कळतं, अफवा कुठून कुठे जाते, बातम्यांमुळे लोकांच्या मनातले प्रश्न बदलतात का, अशा गोष्टी पुराव्यानिशी तपासण्याचा हा विषय आहे. गप्प बसणाऱ्यांना त्यात उलट थोडा फायदाच होतो.

गोंधळ होण्यामागे इतिहास आहे. अमेरिकेत हा विषय दोन वाटांनी आला. १९१४ साली वक्तृत्व शिकवणारे १७ अध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. दोन माणसांमधला किंवा छोट्या गटातला संवाद अभ्यासणारे विभाग त्या वळणाचे. दुसरी वाट रेडिओ, निवडणुका आणि युद्धकाळातला प्रचार यांवर १९४०च्या आसपास झालेल्या संशोधनाची. आपल्याकडे विषय आला तो मुख्यतः वृत्तपत्रविद्येच्या दारातून. त्यामुळे पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत तो पत्रकारिता किंवा जनसंवाद विभागात सापडतो, आणि सिद्धान्त व संशोधनाचे पेपर बातमीलेखन आणि व्हिडिओ एडिटिंगच्या शेजारी बसलेले असतात.

म्हणून विभागाच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारण ८८ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) आहे. त्यात पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४ आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे मिळून १० श्रेयांक असतात. एवढं सगळीकडे सारखंच. फरक उरलेल्या श्रेयांकांत पडतो. सिद्धान्ताचे पेपर किती? संख्याशास्त्र शिकवतात की एका घटकात गुंडाळतात? मागच्या तीन वर्षांच्या प्रकल्पांचे विषय काय होते? ही यादी विभागाकडे मागा. यादीत 'समाजमाध्यमांचा युवकांवरील परिणाम' हे एकच शीर्षक गावाचं नाव बदलून पाच वेळा आलं असेल, तर काय ते समजून घ्या. राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर हैदराबाद विद्यापीठाचा संज्ञापन विभाग पाहा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि संस्कृती अभ्यास आहे.

प्रश्न: शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं, की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे शास्त्रीय आहे का?
– माध्यमिक शिक्षक, नाशिक

उत्तर: आकडे खरे, त्यांचा अर्थ खोटा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी' (कदाचित) हा एकच शब्द तीन सुरांत ध्वनिमुद्रित केला आणि सोबत तीन प्रकारच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. ऐकणाऱ्याने ओळखायचं होतं एवढंच, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी मेळ खात नसतील तर लोक कशावर विश्वास ठेवतात, हा तो प्रश्न. दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून ७-३८-५५ हे सूत्र मांडलं गेलं. भावना आणि आवडनिवड सोडून इतरत्र ते लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलं आहे.

तुम्ही वर्गात पायथागोरसचा सिद्धान्त शिकवता तेव्हा ९३ टक्के अर्थ सूर आणि हातवाऱ्यांतून जात असता, तर पाठ्यपुस्तकं छापायचं कारणच उरलं नसतं. पुढच्या प्रशिक्षणात ही स्लाइड आली की एवढंच विचारा: प्रयोगात किती शब्द होते?

प्रश्न: एम.ए.च्या पहिल्या वर्षाला तीसएक सिद्धान्त आहेत. पाठ होतात, परीक्षेत लिहिता येतात. पण प्रकल्पात 'सैद्धान्तिक चौकट' लिहायची वेळ आली की एखादा सिद्धान्त चिकटवल्यासारखा वाटतो. काय चुकतं?
– विद्यार्थी, सोलापूर

उत्तर: चुकतं ते असं, की सिद्धान्ताची व्याख्या पाठ होते आणि तो ज्या अभ्यासातून आला तो अभ्यास वाचायचा राहून जातो. पुस्तकातला अर्धा पानाचा सारांश वाचून चौकट उभी राहत नाही. तीस सिद्धान्तांपैकी पाचांचे मूळ लेख वाचा, बाकीचे परीक्षेपुरते राहू द्या.

एक उदाहरण नीट पाहू. 'अजेंडा सेटिंग' म्हटलं की विद्यार्थी लिहितात, 'माध्यमं काय विचार करायचा हे सांगत नाहीत, कशाबद्दल विचार करायचा हे सांगतात.' वाक्य पाठ, विषय संपला. आता मूळ काम पाहा. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी उत्तर कॅरोलिनातल्या चॅपल हिल या गावात १०० मतदार निवडले, तेही मत कुणाला द्यायचं ते न ठरलेलेच. कारण प्रचाराचा परिणाम व्हायचाच असेल तर तो यांच्यावर होईल. त्यांना विचारलं, सरकारने लक्ष घालावं असे मुख्य प्रश्न कोणते? दुसरीकडे त्या भागात पोचणारी वर्तमानपत्रं, साप्ताहिकं आणि टीव्हीच्या बातम्या यांत कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही क्रम ताडून पाहिले तेव्हा सहसंबंध ०.९७च्या घरात आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). लेख छापून आला १९७२ साली.

आता यातल्या फटी पाहा, कारण चौकट तिथेच तयार होते. माध्यमांमुळे लोकांचा क्रम ठरला, की लोकांना जे महत्त्वाचं वाटतं ते माध्यमांनी छापलं? एकाच वेळी केलेल्या मोजणीतून हे सांगता येत नाही. म्हणून पुढे १९७२च्या निवडणुकीत शार्लट शहरात त्याच लोकांना पुन्हा पुन्हा भेटून वेळेचा क्रम तपासला गेला. तुम्ही सोलापुरात असं काही करणार असाल, तर पाणीप्रश्न टँकरची रांग पाहून कळतो, पेपर वाचून नव्हे. स्वतःला भोगावा लागणाऱ्या प्रश्नावर माध्यमांचा प्रभाव कमी दिसतो आणि लांबच्या प्रश्नावर जास्त, हे पुढच्या संशोधनात दिसलेलं आहे. म्हणजे प्रश्नांची यादी करतानाच 'अंगावर येणारे' आणि 'फक्त बातमीतून कळणारे' असे दोन गट पाडले, की सिद्धान्त चिकटवलेला राहत नाही. तो तुम्हाला काय मोजायचं ते सांगायला लागतो.

करताना दोन खबरदाऱ्या. लोकांना तयार यादी दाखवून 'यातला महत्त्वाचा कोणता' असं विचारू नका, मोकळा प्रश्न विचारा. नाहीतर अजेंडा तुम्हीच ठरवला. आणि बातम्यांची मोजणी मुलाखतींच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांची करा, नंतरची नव्हे. शिवाय फक्त पाचच प्रश्नांचे क्रम ताडून पाहिलेत, तर स्पिअरमनचा (क्रम ताडून काढलेला) सहसंबंध ०.९ येऊनही द्विपुच्छ कसोटीत तो पाच टक्के पातळीवर सार्थ ठरत नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता उरते; पाचांत पूर्ण १ यावा लागतो. आठ-दहा प्रश्न घ्या.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर १९५६चा पुण्याचा रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग वाचा. आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत गट तयार केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि ठरेल ते करायचं, असे दहा आठवडे चालले. टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या नेतृत्वाखाली मूल्यमापन केलं. त्याचा आराखडा आजही नमुनेदार आहे. चर्चागट असलेली गावं, रेडिओ आहे पण गट नाही अशी गावं, आणि रेडिओच नाही अशी गावं, यांतल्या लोकांच्या मुलाखती आधी आणि नंतर घेऊन तुलना केली. ज्ञानात सर्वांत ठळक वाढ चर्चागटाच्या गावांत दिसली. नुसता रेडिओ आणि रेडिओसोबतची चर्चा यांचे परिणाम वेगळे काढता आले, ते त्या मधल्या गटामुळे. आज 'व्हॉट्सअॅपचा शेतकऱ्यांवर परिणाम' अभ्यासणाऱ्या दहांतल्या नऊ आराखड्यांत नेमका हाच मधला गट नसतो.

प्रश्न: शेतीच्या बातम्यांत शेतकऱ्याचं स्वतःचं म्हणणं किती येतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. दोघांनी स्वतंत्रपणे १०० बातम्या तपासल्या, ८८ ठिकाणी एकमत झालं. तरी मार्गदर्शक म्हणतात विश्वसनीयता कमी आहे. ८८ टक्के कमी कसे?
– संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: मार्गदर्शकांचं बरोबर आहे. तुमच्या पत्रासोबतच्या तक्त्यानुसार 'थेट विधान नाही' असं दोघांनीही म्हटलेल्या बातम्या ८४, 'आहे' असं दोघांनीही म्हटलेल्या ४, आणि मतभेद १२, दोन्ही बाजूंनी सहा-सहा. म्हणजे प्रत्येकाने ९० वेळा 'नाही' आणि १० वेळा 'आहे' म्हटलं.

आता समजा दोघांनीही बातमी न वाचता, याच प्रमाणात खुणा केल्या असत्या. दोघांचं 'नाही' जुळण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. 'आहे' जुळण्याची ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.०१. बेरीज ०.८२. न वाचताच ८२ टक्के एकमत होणार असेल, तर तुमच्या वाचनाने भर पडली ती ६ टक्क्यांची, आणि भर पडायला जागा होती १८ टक्क्यांची. सहा भागिले अठरा, ०.३३. हाच कोहेनचा कप्पा. एकमत मोजण्याचं दुसरं माप, क्रिपेनडॉर्फचा अल्फा, तोही इथे जवळपास तेवढाच येईल. क्रिपेनडॉर्फ यांनी सुचवलेली मर्यादा ०.८० आहे; ०.६६७ ते ०.८० मधल्या आकड्यावर फक्त तात्पुरते निष्कर्ष काढावेत, ०.६६७ च्या खाली तेही नाहीत.

तक्त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहा. तुमचा सगळा प्रबंध ज्या 'आहे'वर उभा आहे, त्या बाबतीत दोघांचं एकमत फक्त चार बातम्यांत आहे आणि मतभेद बारांत.

दुरुस्ती अशी. आधी त्या १२ बातम्या समोर ठेवा आणि भांडण कशावरून झालं ते शोधा. आमचा अंदाज, 'शेतकऱ्यांचे म्हणणे आहे की' अशा सामूहिक वाक्यांवरून झालं असणार. एकाने ते विधान धरलं, दुसऱ्याने धरलं नाही. दुसरी संशयास्पद जागा म्हणजे शेतकरी संघटनेचा नेता. तो शेतकरी की पुढारी? प्रत्येक प्रकारासाठी संकेतपुस्तिकेत (कोणती बातमी कोणत्या गटात टाकायची, त्याच्या नियमांच्या वहीत) एकेक नियम आणि दोन-दोन उदाहरणं लिहा: एक बसणारं, एक न बसणारं. मग नमुन्याबाहेरच्या बातम्यांवर सराव करा. त्यानंतर नव्या बातम्यांवर पुन्हा स्वतंत्रपणे संकेतन करून नवा आकडा काढा. त्याच १०० बातम्यांवर चर्चा करून मतभेद मिटवायचे आणि 'एकमत ९८ टक्के' असं छापायचं, ही सर्रास चालणारी लबाडी आहे; परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात. नव्या नमुन्यात 'आहे'च्या बातम्या पुरेशा येतील असं पाहा, म्हणजे दुर्मिळ बाजूचीही परीक्षा होईल.

पत्रात तुम्ही 'दर सातवा अंक' घेतल्याचं लिहिलं आहे. तेवढं बदलाच. दर सातवा अंक म्हणजे कायम एकच वार, आणि शेतीचं पान ठरावीक वारीच येत असेल तर निष्कर्ष आधीच ठरला. त्याऐवजी वर्षभरातल्या सगळ्या सोमवारांतून दोन सोमवार चिठ्ठ्या टाकून काढा, तसेच दोन मंगळवार, असे रविवारपर्यंत. १४ अंक होतात. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन जुळवलेले आठवडे पुरतात, हे १९९०च्या दशकात तपासून पाहिलेलं आहे. अंकाला सुट्टी असेल त्या दिवसाची चिठ्ठी निघाली तर त्याच वाराची दुसरी काढा. आणि आवृत्ती एकच धरा. एकाच दैनिकाच्या शहर आवृत्तीत आणि जिल्हा पुरवणीत शेतीच्या बातम्यांचं प्रमाण जमीनअस्मानाइतकं वेगळं असतं.

प्रश्न: लोक आमंत्रण नाकारतात कसं, यावर मला लघुप्रबंध लिहायचा आहे. प्रश्नावली देऊ की मुलाखती घेऊ?
– एम.ए. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: दोन्ही नको. 'तुम्ही आमंत्रण कसं नाकारता' असं विचारलं की लोक आदर्श उत्तर देतात. प्रत्यक्षात काय करतात ते त्यांनाही ठाऊक नसतं. प्रत्यक्ष बोलणंच ध्वनिमुद्रित करा. ही पद्धत म्हणजे संभाषण विश्लेषण. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा बोलण्याच्या पाळ्यांवरचा १९७४चा लेख तिचा पाया. पद्धतीची चुणूक मिळावी म्हणून हा रचलेला नमुना. तुमच्या प्रबंधात असा रचलेला मजकूर चालणार नाही.

अ: रविवारी येताय ना मग जेवायला?
(०.७)
ब: अं:: रविवारी म्हणजे (.) तसं यायला काही नाही, पण ह्यांचं [जरा
अ: [हां हां, जमलं तर बघा हं, आग्रह नाही.
ब: बघते मी. कळवते.

कंसातला आकडा शांततेचे सेकंद, कंसातला टिंब अगदी क्षणभराचा थांबा, अक्षरापुढची विसर्गासारखी चिन्हं म्हणजे लांबवलेला स्वर, चौकटी कंस म्हणजे दोघं एकदम बोलू लागले ती जागा. आता यात 'नाही येणार' कुठे आहे? कुणीच म्हटलेलं नाही. तरी दोघांनाही कळलं आहे. ०.७ सेकंदांची शांतता पडली तिथेच 'अ'ला वारा लागला. 'ब'चं वाक्य अजून 'ह्यांचं जरा' पर्यंत आलेलं असताना 'अ'ने आमंत्रण सैल केलं आणि नकार देण्याची पाळीच 'ब'वर येऊ दिली नाही. नकार दोघांनी मिळून केला. 'बघते'चा अर्थ शब्दकोशात पाहून हे सापडत नाही. तो कितव्या पाळीला आला यावरून सापडतं.

मात्र 'मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. होकार पटकन येतो आणि नकार रेंगाळत, आडवळणाने येतो, हे इंग्रजी संभाषणांतही दिसलेलं आहे. अनिता पोमरँट्झ यांचं १९८४चं काम त्यावरचंच. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर दहा भाषांत मोजणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक भाषांत ते सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. त्या दहांत मराठी नव्हती. तुमच्या कामाला जागा आहे ती अशी.

करायचं कसं, ते थोडक्यात. ज्यांचा आवाज येणार त्या प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्या. फोनवरचं बोलणं असेल तर पलीकडच्याचीही. विभागाच्या आचारनीती समितीची मंजुरी लागत असेल तर ती ध्वनिमुद्रणाच्या आधी घ्या, नंतर मागितलेली मिळत नाही. पहिल्या दहा मिनिटांत लोक रेकॉर्डरकडे बघत बोलतात, ती बाजूला ठेवा. फाइल 'वेव्ह' स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि शांतता मोजताना दगा देते. लिप्यंतरासाठी, म्हणजे मुद्रण ऐकून लिहून काढण्यासाठी, 'एलान' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात देवनागरी चालते. वेळेचा हिशोब मात्र आधी करा: साधं लिप्यंतर तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास घेतं, वरच्यासारखं तपशिलाचं लिप्यंतर एका मिनिटाला अर्धा-पाऊण तास सहज खातं. म्हणून तीन-चार तासांचं मुद्रण पुरे. त्यातले आमंत्रणाचे प्रसंग तेवढे वेगळे काढून बारकाईने लिहा. पंधरा-वीस प्रसंग मिळाले तरी लघुप्रबंध उभा राहतो.

आपोआप लिहून देणारी अॅप्स 'अं', अडखळणं आणि शांतता गाळून सुबक वाक्यं हातात देतात. तुम्हाला हवं असतं नेमकं तेच जे ती फेकून देतात.

प्रश्न: सर्वेक्षणासाठी ३८४ हा नमुना ठरलेला आहे असं सगळे म्हणतात. गुगल फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरवून ३८४ भरले की झालं ना?
– विद्यार्थी, नांदेड

उत्तर: नाही झालं. ३८४ हा आकडा मोठी लोकसंख्या, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून येतो, आणि नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, असेल तरच. तुमच्या ग्रुपवरून फिरलेल्या फॉर्मला तुमचे मित्र आणि मित्रांचे मित्र उत्तर देतात. असे ३८४ काय आणि ३,८४० काय, त्रुटी कितीची ते सांगता येत नाही. त्यापेक्षा यादी हातात असलेली छोटी लोकसंख्या घ्या. कॉलेजचे १,२०० विद्यार्थी असतील तर सूत्रानुसार सुमारे २९१ लागतात. हजेरीपटातून चिठ्ठीने काढा आणि नकार गृहीत धरून थोडे जास्त काढा.

फॉर्म फिरवण्याआधी १५-२० जणांवर चाचणी घ्या. 'तुम्ही बातम्या वाचता आणि त्यांवर विश्वास ठेवता का' हे दोन प्रश्न आहेत. 'माध्यमे विश्वासार्ह नसतात असे मला वाटत नाही' या विधानाला 'असहमत' म्हणणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं आहे, ते ब्रह्मदेवाला ठाऊक. इंग्रजी प्रश्नावलीचा अनुवाद केला असेल तर तो तिऱ्हाइताकडून उलट इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रश्नांशी ताडून पाहा. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) ०.७ च्या खूप खाली किंवा उणे आला, तर आधी उलट अर्थाच्या विधानांचे गुण फिरवायचे राहिले का ते पाहा. दहांत पाच वेळा तेच असतं. आकडेमोडीसाठी 'जमोवी' मोफत मिळतं.

प्रश्न: संज्ञापनात पीएच.डी.साठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लागते का? वय ४१, नोकरी चालू आहे, एम.ए.ला ५६ टक्के.
– वाचक, पणजी

उत्तर: पदव्युत्तर ५५ टक्क्यांची अट तुम्ही पूर्ण करता, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. नेटचा विषय 'जनसंवाद आणि पत्रकारिता'. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, मिळून ३०० गुण, तीन तास, उणे गुण नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीला वयोमर्यादा आहे, तिच्यात तुम्ही बसणार नाही. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला आणि पीएच.डी. प्रवेशाला ती नाही. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश मिळू शकतो, त्यात गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. काही विद्यापीठं स्वतःची परीक्षाही घेतात.

अर्धवेळ पीएच.डी. चालते, पण मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. त्यात कोर्सवर्कचे किमान १२ श्रेयांक येतात. प्रबंधातला मजकूर १० टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही, १० ते ४० टक्के जुळला तर सहा महिन्यांत सुधारून द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. मार्गदर्शक निवडण्याआधी 'शोधगंगा' संकेतस्थळावर त्यांच्याकडे झालेले दोन प्रबंध उघडा आणि फक्त संशोधनपद्धतीचं प्रकरण वाचा. तासाभरात कळतं.

प्रश्न: मुलीला अमेरिकेत संज्ञापनात एम.ए.-पीएच.डी. करायची आहे. खर्च झेपेल का, आणि तिचं इंग्रजी पुरेल का?
– पालक, ठाणे

उत्तर: एम.ए.चा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर अनेक विद्यापीठं शुल्क माफ करून अध्यापन साहाय्यकाचं काम आणि मानधन देतात. ते लिहून मागा, आणि किती वर्षांची हमी आहे तेही. गंमत अशी, की या विभागांत नव्या साहाय्यकाच्या वाट्याला सहसा पदवीच्या मुलांना भाषणकला शिकवण्याचा वर्ग येतो. म्हणजे कराडच्या वाचक मुलीला ज्याची भीती घातली जाते, ते काम इथे मानधनासाठी करावं लागतं. त्यामुळे टोफेल किंवा आयईएलटीएसचा आकडा चांगला असून भागत नाही. अनेक सरकारी विद्यापीठं साहाय्यकाच्या बोलण्याची वेगळी चाचणी घेतात, ती उत्तीर्ण होईपर्यंत वर्ग मिळत नाही.

अर्जाच्या तारखा बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केली आहे. त्यामुळे वजन येतं ते दोन गोष्टींना: १५-२० पानी लेखननमुना, आणि उद्देशपत्रात नाव घेऊन सांगितलेले दोन-तीन प्राध्यापक, ज्यांच्याकडे तिला काम करायचं आहे. एम.ए.च्या प्रकल्पातलं एक प्रकरण इंग्रजीत नीट लिहून काढलं तर नमुना तयार होतो, म्हणून ते काम जून-जुलैतच हाती घ्यावं. आणखी एक: तिला माध्यमांचा अभ्यास करायचा आहे की माणसामाणसांतल्या बोलण्याचा, ते आधी ठरवू द्या. तिथे ही दोन कामं बहुधा दोन वेगळ्या विभागांत चालतात, आणि चुकीच्या दारावर गेलेला अर्ज सहसा कोणी पलीकडे पाठवत नाही.